बंद पडलेला सीएनसी राउटर: मोडीत काढण्याआधी

नेमप्लेट, अॅक्रिलिकची अक्षरं किंवा लाकडी दारावरची नक्षी कापणारे लहान सीएनसी राउटर बंद पडले की किलोच्या भावानं भंगारात जातात. कॉलेजच्या वर्कशॉपमध्येही असं एखादं मशीन कोपऱ्यात धूळ खात उभं असतं. ‘चालू होत नाही म्हणजे संपलं’ हा त्याच्याबद्दलचा सर्वात महागात पडणारा गैरसमज. राउटरची खरी किंमत फ्रेम, गाइड, स्क्रू आणि कटर फिरवणाऱ्या स्पिंडलमध्ये असते. बिघडतो तो बहुतेक वेळा पॉवर सप्लाय, एखादा मोटर ड्रायव्हर, एखादी तुटकी वायर, नाहीतर मशीन चालवणारा जुना कॉम्प्युटर. यातली प्रत्येक गोष्ट बदलता येते, आणि पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ती मिळतेही. स्पिंडल वाहणारी आडवी चौकट, म्हणजे गॅन्ट्री, वाकली तर मात्र तिला कुठल्याही दुकानात पर्याय मिळत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात प्लग लावून करू नये. वीज बंद ठेवून प्रत्येक स्क्रू हातानं सावकाश फिरवावा. कुठे अडतं, कुठे खरखरतं, कुठे सैल लागतं, ते बोटांना लगेच समजतं. गॅन्ट्री जोरात ढकलू मात्र नये. फिरणारी मोटर वीज तयार करते आणि ती ड्रायव्हरमध्ये उलटी शिरते.

‘सॉफ्टवेअर जुनं झालं, आता काही उपयोग नाही’ असंही सर्रास ऐकू येतं. जुनी मशीन बहुधा पंचवीस पिनांच्या पॅरलल पोर्टवर आणि माक-३ या विंडोजवरच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर चालत. माक-३ चा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, हे खरं. यूएसबीतून पॅरलल पोर्ट देणारी प्रिंटरची केबल लावूनही भागत नाही, कारण स्टेपर मोटरला लागणारे पल्स ती वेळेवर पोहोचवू शकत नाही. पण रस्ता इथे संपत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या १९९० च्या दशकातल्या कामातून पुढे आलेलं लिनक्स-सीएनसी मोफत आहे आणि आजही पॅरलल पोर्ट वापरतं. दुसरा पर्याय जीआरबीएल. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉगसेथ यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं हे मोफत फर्मवेअर अर्डुइनो उनोसारख्या स्वस्त बोर्डावर तीन अक्ष चालवतं. मोटर आणि ड्रायव्हर चांगले असतील, तर फक्त मेंदू बदलून मशीन उभं राहतं.

मोटरच्या वायरींचे रंग पाहून जोडणी करणं हा पुढचा घोटाळा. रंगांचं एकच सर्वमान्य प्रमाण नाही. चार वायरींच्या स्टेपरमध्ये दोन कॉइल असतात आणि मल्टिमीटरवर ज्या दोन वायरींमध्ये काही ओहम दिसतात ती एक जोडी. मीटर नसेल तर दोन वायरी एकमेकींना टेकवून शाफ्ट फिरवावा. तो जड झाला की जोडी सापडली. जोड्यांची सरमिसळ झाली तर मोटर थरथरते पण फिरत नाही, आणि लोक तिलाच जळालेली समजून फेकून देतात. एका गोष्टीत मात्र हयगय चालत नाही: वीज चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये. कॉइलमधला प्रवाह एकदम तुटला की उसळणारा व्होल्टेज ड्रायव्हरला मारतो. मोटर हाताला चटका देण्याइतकी तापली तरी घाबरायचं कारण नसतं. स्टेपर जागच्या जागी उभी असतानाही करंट घेते, त्यामुळे साठ-सत्तर अंश तापमान नेहमीचं आहे.

मग माप. ‘दहा मिलिमीटर सांगितलं आणि चाळीस गेलं, म्हणजे बोर्ड खराब’ हा निष्कर्ष घाईचा आहे. नेहमीची स्टेपर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हर सोळा मायक्रोस्टेपवर असेल तर एका फेऱ्याला ३,२०० पल्स लागतात. लहान मशीनमध्ये सर्रास दिसणाऱ्या आठ मिलिमीटर व्यासाच्या स्क्रूवर दोन आट्यांमधलं अंतर दोन मिलिमीटर भरतं, पण कित्येकदा त्यावर चार आटे शेजारी शेजारी कापलेले असतात. म्हणजे एका फेऱ्यात नट आठ मिलिमीटर सरकतो. योग्य आकडा ३,२०० भागिले ८, म्हणजे मिलिमीटरला ४०० पल्स. दोन धरून १,६०० भरला की चौपट अंतर जाणारच. आकडा आधी हिशेबानं काढावा आणि मग लांब अंतरावर मोजून पाहावा. मोजलेलं माप दर वेळी वेगळं आलं तर आकड्याला हात न लावता कपलिंगचे ग्रब स्क्रू आवळावेत.

स्पिंडलच्या बाबतीत गैरसमज जिवावर बेतू शकतात. स्पिंडलचा वेग ठरवणारा व्हीएफडी बंद केला म्हणजे तो सुरक्षित झाला, असं नाही. २३० व्होल्टवर चालणाऱ्या व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि वीज गेल्यावरही काही मिनिटं राहतो. झाकण उघडायच्या आधी थांबावं आणि मीटरनं मोजून खात्री करावी. वर्षानुवर्षं बंद असलेल्या व्हीएफडीला एकदम पूर्ण व्होल्टेजही देऊ नये. त्यातले कपॅसिटर कमी व्होल्टेजपासून हळूहळू वाढवत पुन्हा तयार करावे लागतात. आणि ‘कुठलाही व्हीएफडी लावा, स्पिंडल फिरेल’ हे तर स्पिंडल जाळण्याचं हमखास साधन. २४,००० आरपीएमच्या दोन पोलच्या स्पिंडलला पूर्ण व्होल्टेज ४०० हर्ट्झला हवा असतो. नवा व्हीएफडी बहुधा ५० हर्ट्झच्या मोटरसाठी सेट केलेला येतो. तसाच जोडला तर ५० हर्ट्झलाच पूर्ण व्होल्टेज मिळतो, करंट बेसुमार वाढतो आणि वाइंडिंग जळतं. आधी सेटिंग, मग जोडणी.

अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणारे लिमिट स्विच नसले तरी मशीन चालवून पाहता येतं, पण आणीबाणीच्या लाल बटणाशिवाय नाही. स्क्रीनवरचं ‘स्टॉप’ त्याची जागा घेऊ शकत नाही. कॉम्प्युटर हँग झाला तर ते बटणही हँग होतं. खरं बटण मोटरची आणि स्पिंडलची वीजच तोडतं.

शेवटी प्ले, म्हणजे नट आणि स्क्रूमधला सैलपणा. तो सॉफ्टवेअरमधून घालवता येतो, असं पुष्कळांना वाटतं. लिनक्स-सीएनसी आणि माक-३ मध्ये भरपाईची सोय आहे, जीआरबीएलमध्ये ती मुळातच नाही. पण सोय असली तरी नट सैल असेल तर कटर लाकूड खेचेल तिकडे जातोच, कारण भरपाई फक्त दिशा बदलताना होते, कापताना नाही. एमडीएफच्या तुकड्यावर शंभर मिलिमीटरचं वर्तुळ कापून पाहावं. अक्ष जिथे दिशा बदलतो अशा चार ठिकाणी कडेवर सपाट भाग किंवा पायरी दिसली, तर त्या अक्षाचा नट किंवा स्क्रूच्या टोकाचं बेअरिंग तपासायचं. पितळी नट झिजलेला असेल तर स्प्रिंगचा दुहेरी नट बसवावा. फार खर्चाचं काम नाही, आणि वर्तुळ पुन्हा कापलं की फरक डोळ्यांना दिसतो.