महाग तेच चांगलं? ट्रेकच्या सामानाबद्दलचे काही गैरसमज

जूनचा पहिला पाऊस पडला की ट्रेकिंगच्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरू लागतात. बूट कोणते घेऊ? जॅकेट दोन हजारांचं चालेल की दहा हजारांचंच हवं? उत्तरं देणाऱ्यांपैकी बरेच जण परदेशी व्हिडिओ पाहून आलेले असतात. त्या व्हिडिओंत खोटं काही नसतं, फक्त ते दुसऱ्या डोंगरांसाठी केलेले असतात. कोलोरॅडोत परवाना काढून एल्क या भल्यामोठ्या हरणाची शिकार करणारा माणूस कित्येक दिवस रानात राहतो आणि येताना तीस-चाळीस किलो मांस पाठीवर वाहून आणतो. त्याच्या सॅकला भक्कम चौकट लागते, बूट घोट्याच्या वरपर्यंत ताठ लागतात, आणि त्याच्या दृष्टीनं ‘स्वस्त आणि मस्त’ म्हणजे आपल्याकडच्या एखाद्याचा महिन्याचा पगार. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आली. आपण राजमाचीला जातो ते डबा, पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक जादा कपड्यांचा जोड घेऊन. त्या शिकाऱ्याची यादी आपण डोळे मिटून का उतरवायची?

‘पावसाळ्यात वॉटरप्रूफ बूट हवेतच’

सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकमध्ये हा सगळ्यात वाया जाणारा खर्च. वॉटरप्रूफ बुटाचं अस्तर बाहेरचं पाणी अडवतं हे खरं, पण पहिल्याच ओढ्यात पाणी घोट्यावरून आत शिरतं. मग तेच अस्तर आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही. पुढचे चार तास पाय त्या डबक्यात, आणि संध्याकाळी बोटं सुरकुतलेली, टाचेला फोड. असे बूट बर्फासाठी, कोरड्या थंडीसाठी आणि पहाटेच्या दवासाठी चांगले. आपल्याकडच्या पावसात जाळीचा, पाणी आत येऊ देणारा आणि चालता चालता बाहेर टाकणारा बूट बरा. त्यात पातळ सिंथेटिक मोजे घालायचे आणि मुक्कामासाठी कोरड्या मोज्यांची जोडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची.

‘महाग सोल घसरत नाही’

बुटाच्या तळाला पिवळा अष्टकोनी बिल्ला दिसला की अनेकांना हायसं वाटतं. हा बिल्ला व्हायब्रम या सोल बनवणाऱ्या कंपनीचा, आणि तिचा इतिहास खरोखरच मोलाचा आहे. १९३५ साली आल्प्समधल्या एका मोहिमेत इटालियन गिर्यारोहक विटाले ब्रामानी यांचे सहा सोबती दगावले. त्यात पायातल्या जोड्यांचाही दोष होता, हे ब्रामानींच्या मनातून जाईना. त्यातून खोल खाचांच्या रबरी सोलचा जन्म झाला. पण आज याच कंपनीची रबराची अनेक मिश्रणं आहेत. काही टिकाऊपणासाठी बनवलेली, काही ओल्या खडकावर पकड देण्यासाठी, आणि नुसत्या बिल्ल्यावरून कोणतं ते कळत नाही.

इथे खरी देवघेव आहे. कडक रबर वर्षानुवर्षं झिजत नाही, पण ओल्या कातळावर घसरतं. मऊ रबर खडकाला चिकटतं, पण लवकर झिजतं. म्हणजे ‘पाच वर्षं झाली, सोल अजून नवा दिसतो’ ही आपल्या कातळांवर कौतुकाची गोष्ट नव्हे. दुकानात सोलवर अंगठ्याचं नख दाबून पाहा. जरासुद्धा दबत नसेल तर सावध व्हा. खाचांचा उपयोग चिखलात, मुरमात. सपाट दगडावर काम करतं ते रबर. महाराष्ट्रातल्या ट्रेकर्सच्या दोन पिढ्या अॅक्शनच्या साध्या ट्रेकिंग शूजवर गड चढल्या, त्या पैसे नव्हते म्हणून तर चढल्याच, पण त्या बुटांची कातळावरची पकड खरोखर चांगली होती म्हणूनही. मात्र शेवाळलेल्या कातळावर कुठल्याच कंपनीचं, कुठल्याच किमतीचं रबर टिकत नाही. तिथे बसून उतरायचं.

‘कमी वापरले म्हणजे बूट नवेच’

हा गैरसमज थेट अंगाशी येतो. बऱ्याच ट्रेकिंग बुटांत सोल आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतल्या दमटपणानं त्याची आतल्या आत रासायनिक मोडतोड होत राहते. बूट वापरा किंवा कपाटात ठेवा, ती थांबत नाही. उलट बंद खोक्यात, मुंबई-कोकणच्या हवेत ती वेगानं होते. काही वर्षांनी हौसेनं बूट बाहेर काढावेत, आणि उतरणीवर अख्खा सोल जिभेसारखा लोंबायला लागावा, हे ट्रेकच्या म्होरक्यांना नवीन नाही. म्हणूनच अनुभवी माणसाच्या सॅकमध्ये सुतळी आणि चिकटपट्टी असते.

घेताना काय पाहायचं? मधला थर अंगठ्यानं दाबायचा, कडेनं बारीक चिरा आहेत का बघायचं, बूट वाकवून भुगा पडतो का तपासायचं. खोक्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचायचं. ‘सत्तर टक्के सूट’ असलेला पाच वर्षांपूर्वीचा माल हा सौदा नव्हे. मधला थर ईव्हीए फोमचा असेल तर दमटपणाची ही भीती जवळपास नाही, आणि स्वस्त बुटांत बहुधा तोच असतो.

‘श्वास घेणारं जॅकेट आतून ओलं होत नाही’

१९६९ साली बॉब गोर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन ज्याचं असतं तोच पदार्थ, झटक्यात ताणून त्याचा सच्छिद्र पडदा बनवला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबाहून कितीतरी लहान आणि वाफेच्या रेणूहून कितीतरी मोठी. या पडद्याच्या गोर-टेक्स कापडाची सगळी किमया इतकीच. पण वाफ बाहेर पडायला आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पात फरक लागतो. थंड, कोरड्या हिमालयात तो भरपूर असतो. जुलैमध्ये भीमाशंकरच्या रानात हवाच बाष्पानं तुडुंब असते. घाम जाणार कुठे? दहा हजारांच्या जॅकेटमध्येही माणूस आतून भिजतो, फक्त जास्त पैसे देऊन. इथे साधा पोंचो किंवा काखेत झिप असलेला रेनकोट चालतो. वारं नसेल अशा जंगलवाटेवर छत्रीसुद्धा उत्तम, पण कड्याच्या धारेवर ती मिटून ठेवायची.

सॅकचं रेनकव्हरही असंच फसवं. पाणी पाठीच्या बाजूनं मुरतं, आणि वाऱ्यानं कव्हर उडून दरीत गेलेलं पुष्कळांनी पाहिलंय. सॅकच्या आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सामान त्यात भरा, तोंड पिळून बांधा. काम झालं.

‘सुती कपडे कधीच नकोत’

अर्धसत्य. सूत पाणी धरून ठेवतं, ओलं झालं की ऊब देत नाही. म्हणून थंडी-पावसात सुती बनियन नको आणि जीन्स तर नकोच नको. पण एप्रिलच्या उन्हात हाच दोष गुण ठरतो: घाम कापडात राहतो, सावकाश सुकतो आणि अंग गार ठेवतो. बाबांचा जुना, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट उन्हाळी ट्रेकला फार छान. लोकरीचं उलट आहे. ती बरंच बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि भिजली तरी थोडीफार ऊब राखते. धनगरांची घोंगडी पावसात उगाच टिकून राहिलेली नाही. वजन सोडलं तर तिला नाव ठेवायला जागा नाही.

रंगाचंही सांगतो. मिलिटरी छापाचे कपडे ‘जंगलाला शोभतात’ म्हणून घेतले जातात. कोलोरॅडोत बंदुकीनं शिकार करणाऱ्यालाही झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी रंग अंगावर घालणं कायद्यानं सक्तीचं आहे, म्हणजे दुसऱ्या शिकाऱ्याची गोळी लागू नये. हरणांना तो नारिंगी माणसासारखा उठून दिसत नाही, त्यामुळे शिकारीतही अडत नाही. आपण तर कोणाच्या मागावर नसतो. वाट चुकलो तर शोधायला येणाऱ्यांना दिसणं महत्त्वाचं. लाल-पिवळा रेनकोट त्याच किमतीत मिळतो.

‘उणे दहाची स्लीपिंग बॅग उणे दहाला चालते’

लेबल नीट वाचा. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगवर तीन आकडे असू शकतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे सर्वसाधारण स्त्री निवांत झोपेल ते तापमान, ‘लिमिट’ म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढेल ते. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे जीव वाचण्यापुरतं, झोपेचा त्यात संबंध नाही. स्वस्त बॅगवर मोठ्या अक्षरांत नेमका तिसरा आकडा असतो, किंवा मनाला येईल तो. शिवाय थंडी खालून येते. अंगाखाली दाबलेला कापूस किंवा पिसं निरुपयोगी. काही शे रुपयांची फोमची मॅट खाली नसेल तर महागडी बॅगही तुम्हाला कुडकुडवेल.

सह्याद्रीतल्या डिसेंबरसाठी ती मॅट, फ्लीसचं पांघरूण आणि कानटोपी पुरते. हिमालयात वर्षातून एकदा जाणार असाल तर विकत घेण्यापेक्षा भाड्यानं घ्या. सांकरी, लोहाजंगसारख्या ट्रेकच्या पायथ्याच्या गावांत मिळतं. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी कोर्स केला तर सामान संस्थाच देते, आणि कशावर पैसे घालावेत हेही तिथे कळतं.

‘मग काय, स्वस्तात सगळंच भागतं’

नाही. दोर, हार्नेस, कॅरॅबिनर आणि हेल्मेट या चार गोष्टींत काटकसर बंद. खऱ्या कॅरॅबिनरवर त्याची ताकद किलोन्यूटनमध्ये कोरलेली असते. ईएन १२२७५ मानकानुसार लांबीच्या दिशेनं किमान २० किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानानं दोन हजार किलोंचा भार. त्याच कॅरॅबिनरचं दार उघडं राहिलं किंवा तो आडवा ताणला गेला तर मानक फक्त ७ मागतं, म्हणून स्क्रू फिरवून बंद केलाय का ते हातानं चाचपायचं. चाव्यांना लावायचं हुक दिसायला हुबेहूब असतं. बाइकचं हेल्मेट गाडीच्या अपघातासाठी. वरून येणाऱ्या दगडासाठी ईएन १२४९२चं. जुना दोर कोणाकडून विकत घेऊ नका, त्यानं किती झटके आणि किती ऊन खाल्लंय ते बघून कळत नाही.

पावसाळ्यात ठिकठिकाणी रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंगचे कार्यक्रम लागतात. पैसे भरले असले तरी दोरात अडकण्याआधी हार्नेसवरचा शिक्का आणि कॅरॅबिनरवरचे आकडे बघायला मागा. दाखवत नसतील तर पैसे सोडा आणि परत फिरा.