दमट हवेतली इलेक्ट्रिक गिटार

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. चार महिने बंद राहिलेल्या घराच्या माळ्यावर, रेक्झिनच्या पेटीत जुनी इलेक्ट्रिक गिटार असेल तर तिची अवस्था सहज ओळखता येते. तारा गंजलेल्या, ब्रिजवर हिरवट थर, नेकला बाक, बटणं घट्ट बसलेली. बघणारे तिला भंगार म्हणतात. तसं म्हणायची घाई करू नये, कारण हे वाद्य मुळातच दुरुस्तीचा विचार करून घडलेलं आहे.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा माणूस. १९५० मध्ये त्याने जी गिटार विक्रीला आणली आणि जी पुढे टेलिकास्टर म्हणून गाजली, तिची नेक सरसाने चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी आवळलेली होती. बिघडली की काढायची, दुसरी बसवायची. नंतर असंख्य कारखान्यांनी हीच रीत उचलली. त्यामुळे एकीची नेक आणि दुसरीचे पिकअप एकत्र आणून तिसरी गिटार उभी करता येते. मात्र माप सांभाळावं लागतं. फेंडरच्या मापात नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी साडेपंचवीस इंच, तर गिब्सनची साधारण पाऊण इंच कमी. फ्रेटची जागा या लांबीवरच ठरते. ब्रिज चुकीच्या ठिकाणी बसला तर उघडी तार सुरात लागते आणि पुढचा प्रत्येक स्वर बेसूर होतो.

वय शोधायचं तर आवाज कमी-जास्त करणारा पॉट उलटून पाहावा. जुन्या अमेरिकी पॉटवर आकडे कोरलेले असतात. ३०४६५३४ असं असेल तर ३०४ ही स्टॅकपोल कंपनीची खूण, ६५ हे साल आणि ३४ हा आठवडा. पॉटचा डाग मूळचा असेल, तर गिटार त्या आठवड्याच्या आधीची असूच शकत नाही.

खरा जीव पिकअपमध्ये. चुंबकांभोवती ०.०६ मिलीमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. मल्टिमीटरने सहा-सात हजार ओहम दाखवले तर पिकअप जिवंत आहे. काटा हललाच नाही तर दमटपणाने तार कुठेतरी खाल्ली आहे. इथे मावळ कामाला येतो. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांमुळे या पट्ट्यात मोटर वायंडिंगवाले आहेत, लेथवाले आहेत. इतकी बारीक तार वायंडिंगवाल्याच्या हाताखालून सहसा जात नाही, ताण जरा वाढला की तुटते. पण वेढे मोजणं आणि इनॅमलची तार जपणं त्याला शिकवावं लागत नाही. अमेरिकी गिटारचे इंची आट्यांचे स्क्रू दुकानात मिळत नाहीत, ते लेथवाला करून देतो.

लाकूड तर इथलंच. ब्राझीलच्या शिसवाच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली. गिटार करणारे त्याआधीच भारतीय शिसवाकडे वळू लागले होते, आणि हा वृक्ष आपल्या सह्याद्रीतला. पाडलेल्या वाड्यातला शिसवी तुकडा मिळाला तर फिंगरबोर्डसाठी त्याहून चांगलं काही नाही. त्याचं आकसणं-फुगणं कधीच होऊन गेलेलं असतं.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे लाकूड, तार आणि जवारी ही सारी विद्या पिढ्यान् पिढ्या एकाच गल्लीत नांदली. इलेक्ट्रिक गिटारला असं घराणं नाही. तिची विद्या सुतार, वायंडिंगवाला आणि लेथवाला यांच्यात वाटली गेली आहे. त्यांना एका कामावर आणणं, कोणाला काय हवं ते नेमकं सांगणं, हीच जीर्णोद्धार करणाऱ्याची कारागिरी. माझ्या मते ती डाग देण्याहून अवघड आहे.

दमट हवेला मात्र उगाच दोष देऊ नये. याच मावळात कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी अजून आहेत. लाकडाला वारा मिळाला पाहिजे. म्हणून पेटीतून काढलेली गिटार लगेच तारा चढवून वाजवू नये. हवेशीर खोलीत आठवडाभर तरी ठेवावी, नेकमधली लोखंडी सळई दिवसाला पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. आणि रंग खरवडू नये. चकचकीत केलेली जुनी गिटार मला आवडत नाही. ज्या हातांनी ती वाजवली, त्यांच्या खुणा त्याच रंगात असतात.

तुमच्या माळ्यावर अशी गिटार असेल तर तारा सैल करा, पेटी उघडी ठेवा आणि सुटलेला एकही स्क्रू टाकू नका. बंद पडलेला पिकअपसुद्धा पिशवीत जपून ठेवा. त्यातले चुंबक पुन्हा वापरता येतात.