शब्दांची कुळकथा : बेमुर्वतखोर

गेल्या आठवड्यात ‘उद्धट’चा माग आपण संस्कृतातल्या ‘उद्धत’पर्यंत काढला. उद्धत म्हणजे वर उसळलेला, ताठ मानेचा. आजचा शब्द त्याच अर्थाच्या जवळपास वावरतो, पण त्याचे कूळ अगदी निराळे आहे.

हे कूळ समजून घ्यायला हैदराबादेतून सुरुवात करणे सोयीचे. अरबी-फारसी शब्द मराठीला हैदराबादने दिले असे नव्हे. बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही काळातच ते दख्खनभर रुजले होते. पण मराठीत आल्यावर त्यांचे काय झाले हे पाहायचे, तर ते ज्या शहरात अजून उर्दूच्या वळणाने बोलले जातात तिथल्या वापराशी ताडून पाहावे.

आधी ‘मुर्वत’च्या जोडीने नेहमी येणारा ‘अदब’. “बाअदब, बामुलाहिजा, होशियार!” ही चोपदाराची ललकारी नाटक-सिनेमांनी आपल्या कानांत बसवली आहे. ‘बा’ म्हणजे सह, ‘बे’ म्हणजे विना. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात खिलवत मुबारक हा निजामांचा दरबार महाल आजही पाहता येतो. अशा महालांत कुणी कुठे उभे राहायचे, किती झुकायचे, नजराणा कसा पुढे करायचा, हे सगळे ठरलेले असे. ते पाळणे म्हणजे अदब, मोडणे म्हणजे बेअदबी. ‘आदाब’ हा नमस्कार म्हणजे याच ‘अदब’चे अनेकवचन. आणि उर्दूत ‘अदब’ म्हणजे साहित्यसुद्धा. उर्दूचे अभ्यासक डॉ. जोर यांनी १९३१ साली हैदराबादेत काढलेल्या संस्थेचे नाव ‘इदारा-ए-अदबियात-ए-उर्दू’ आहे, ते याच अर्थाने. चांगले वागणे आणि चांगले वाङ्मय या दोन्हींना एकच शब्द असावा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. मराठीने मात्र तिचा वाङ्मयाचा अर्धा भाग उचललाच नाही.

आता ‘मुर्वत’. अरबीत ‘मर्अ’ म्हणजे पुरुष, माणूस, त्यावरून ‘मुरूवा’. इस्लामपूर्व अरबांच्या काव्यात हा सर्वोच्च गुण. शौर्य, दानत, सोशिकपणा, दिलेला शब्द पाळणे, सगळे त्यात आले. लॅटिनमध्येही ‘विर’ म्हणजे पुरुष आणि त्यावरून ‘विर्तुस’ म्हणजे सद्गुण. आपले ‘पौरुष’ त्याच जातीचे, फक्त ते पराक्रमापाशीच थांबले. अरबी शब्द फारसीत आणि पुढे उर्दूत ‘मुरव्वत’ होऊन आला तेव्हा त्यातली तलवार गळून पडली होती. उरला तो समोरच्याचे मन राखण्याचा गुण. मराठीने जोडाक्षर हलके करून त्याचे ‘मुर्वत’ केले आणि आपल्या ‘भीड’शी त्याची जोडी लावली. ‘कुणाची भीडमुर्वत न ठेवता’ म्हणताना त्यातला एक शब्द अरबस्तानातून आलाय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

सतराव्या शतकात शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राजव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. पण मुर्वत, मुलाहिजा, मगरुरी, मिजास हे माणसाच्या वागण्याचे शब्द बोलीत टिकून राहिले. दफ्तराची भाषा हुकमाने बदलता येते, भांडणाची येत नाही.

बेअदबी आणि बेमुर्वतपणा यांना आपण सहज एका माळेत ओवतो, पण दोहोंची दिशा वेगळी आहे. बेअदबी खालून वर होते. राष्ट्रध्वजाची बेअदबी होते, ग्रंथाची होते, थोरांची होते. शिपायाची बेअदबी झाली असे कुणी म्हणत नाही. मुर्वत मात्र बरोबरीच्याची ठेवता येते, आणि धाकट्याचीही. बेमुर्वत उत्तर पोरगाही देईल, पण शब्दाचा खरा कल सत्तेकडे आहे. म्हणून तर वर्तमानपत्रांत ‘बेमुर्वतखोर प्रशासन’ आणि ‘बेमुर्वतखोर राज्यकर्ते’ भेटतात, ‘बेमुर्वतखोर शेतकरी’ सहसा भेटत नाही. दुर्बळाला सबळाविरुद्ध वापरता येईल असा शब्द मराठीने दरबारी भाषेतूनच घडवला, याचे मला फार अप्रूप आहे.

उर्दू गझलेत ‘बेमुरव्वत’ बहुतेकदा प्रिय व्यक्ती असते, जी वळून पाहत नाही, जिला प्रेमिकाची पर्वा नाही. आपल्याकडे तोच शब्द कचेरीतल्या टेबलामागे जाऊन बसला.

शेवटचा ‘खोर’ही पाहण्यासारखा आहे. फारसीत तो ‘खाणारा’ या अर्थी, म्हणून लाचखोर, हरामखोर. मराठीत तो सवयीचा प्रत्यय झाला आणि ‘भांडखोर’, ‘चिडखोर’ असे देशी शब्दही त्याने घडवले. व्याकरणाने पाहिले तर ‘बेमुर्वत’ हे मुळातच विशेषण, त्याला ‘खोर’ची गरज नाही. तरी मराठी बोलणाऱ्याला ते पुरेना. एखाद वेळी मुर्वत सोडणारा वेगळा आणि ती सोडण्याचीच खोड लागलेला वेगळा, हा फरक त्याला करायचा होता.

ही देवघेव एकतर्फी नव्हती. हैदराबादी दख्खनीतला ‘नक्को’ हा आपला ‘नको’, आणि ‘मैंच’ मधला ‘च’ही आपलाच. अदबीच्या शहराने नकार द्यायला मराठी शब्द घेतला, आणि तो तिथे अमीर-गरीब सगळेच वापरतात.

पुढच्या आठवड्यात : चोपदाराच्या ललकारीतला ‘मुलाहिजा’.