पडदा वर्गात आला, पुढे काय?

शाळेत नवे साधन आले, की त्याच्या स्वागतास दोन पंथ उभे राहतात. एका पंथाला त्यात शिक्षणाचा उद्धार दिसतो, तर दुसऱ्याला गुरुशिष्य-नात्याचा अंत. प्रत्यक्षात उद्धारही होत नाही आणि अंतही होत नाही. काही वर्षांनी ते साधन कपाटात जाते आणि त्याच्या जागी आलेल्या साधनाभोवती तोच वाद नव्याने रंगतो. शाळांतील पुस्तके लवकरच कालबाह्य ठरतील व चलच्चित्रे त्यांची जागा घेतील, असे भाकीत थॉमस एडिसन यांनी १९१३ साली केले होते. शतक उलटून गेले; पुस्तक अद्याप दप्तरातच आहे.

भारतानेही ही आशा अनेकदा अनुभवली आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहाच्या साह्याने, सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचविण्यात आले. त्यांतील सकाळचा वेळ शाळकरी मुलांसाठी राखलेला होता. १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. त्याच सुमारास निवडक शाळांत संगणक आले. २००४ मध्ये ‘एज्युसॅट’ हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडण्यात आला. आज एज्युसॅट सेवेत नाही आणि बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंद झाली. या साऱ्या प्रयत्नांत अभियंत्यांची हुशारी कमी पडली, असे कोणी म्हणणार नाही. पण पडद्यावर जे दिसते त्याचे वर्गातील मूल पुढे काय करते, हा प्रश्न मात्र दरवेळी मागे राहून गेला.

या प्रश्नाची उत्तरे आता अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. पेरू देशाने लक्षावधी मुलांच्या हाती स्वस्त लॅपटॉप दिले. तेथील ग्रामीण शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गणितात व भाषेत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. यंत्र दिले गेले होते. ते कशासाठी व कोणाच्या मार्गदर्शनाखाली वापरायचे, याचा विचार अपुरा होता.

गुजरातमधील ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत झालेली पाहणी अधिक बोलकी आहे. अर्थशास्त्रज्ञ ली लिंडेन यांनी तेथे गणिताचा संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे तपासला. जेथे तो शिकविण्याच्या तासातच बसविला, तेथे मुले इतरांपेक्षा मागे पडली. जेथे तो शाळेच्या वेळेनंतर सरावासाठी ठेवला, तेथे मुले पुढे गेली, आणि त्यांतही कच्च्या मुलांना लाभ अधिक झाला. एकच कार्यक्रम शिक्षकाची जागा घेऊ लागला तेव्हा अपायकारक ठरला आणि त्याच्या हाताखाली राहिला तेव्हा उपकारक. सर्व वादाचे सार या एका तुलनेत आले आहे.

दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ केंद्रांचा अनुभवही याच दिशेने जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले, की सहावीतील मुले गणितात सरासरीने सुमारे अडीच इयत्ता मागे होती. त्या कार्यक्रमाने मुलाची इयत्ता न पाहता त्याला काय येते ते पाहिले आणि तेथून पुढचा प्रश्न विचारला. शाळेनंतर चालणाऱ्या या केंद्रांत साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत मुलांची चांगली प्रगती झाली. पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येकाची पायरी ओळखून त्याला वेगळे उदाहरण देणे कोणाही शिक्षकाला अशक्यप्राय असते. अशा ठिकाणी यंत्राचे साह्य खरोखरच मोलाचे आहे.

मग फळ्यापुढच्या शिक्षकाने काय करावे? त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, हे वाक्य पाठ करून घेणे सोपे आहे. ‘जिओजेब्रा’ हे साधन विनामूल्य मिळते. त्यात त्रिकोणाचा एक शिरोबिंदू सरकवीत गेले, की कोन बदलत राहतात आणि बेरीज मात्र ढळत नाही. पण बिंदू सरकविण्यापूर्वी ‘आता काय होईल?’ असे विचारून मुलांकडून अंदाज वहीत लिहवून घेतला, तरच त्या चित्राचा धडा होतो. प्रश्न न विचारता दाखविलेली चित्रफीत ही करमणूक असते. तास संपला, की ती विसरली जाते.

अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या विज्ञान-खेळण्यांच्या चित्रफिती मराठीतही उपलब्ध आहेत. त्यांचे खरे मोल पाहण्यात नाही. त्या पाहून मुलाने काडेपेटी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे नि कागद घेऊन स्वतः काही घडवावे, यात आहे. दूरवरचे ज्ञान पडद्यावरून आले, तरी ते शेवटी हातांतच उतरावे लागते.

पाठ्यपुस्तकांत आता क्यूआर संकेत छापलेले असतात. या कल्पनेला चालना देणाऱ्यांत सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले हे होते आणि २०२० चे ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळाले. चांगली कल्पना खेड्यातल्या वर्गातूनही वर येऊ शकते, हा त्यातील बोध आहे. वरून खाली येणाऱ्या परिपत्रकांनी तो लक्षात घ्यावा.

त्या परिपत्रकांचा एक दोष तर स्पष्टपणे सांगितला पाहिजे. तंत्रज्ञानाने शिक्षकाचा वेळ वाचावा, ही अपेक्षा. पण माहिती भरणे, छायाचित्रे पाठविणे, उपस्थितीची नोंद पुन्हा पुन्हा करणे, यांत तोच वेळ खर्ची पडतो. यंत्र शिक्षकाला कारकून बनवीत असेल, तर त्याने वर्गाचे काय भले केले? द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी दोन इयत्ता सांभाळतात. एका इयत्तेला टॅबवर सराव देऊन दुसरीला शिकविता आले, तर त्यांचे ओझे हलके होते. मात्र त्यासाठी वीज अखंड हवी, बिघडलेला संच दुरुस्त करणारा माणूस जवळ हवा आणि सराव मुलांच्या भाषेत हवा. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांचे शिक्षण तुटले. ती दरी विसरून नव्या खरेदीची यादी करणे अन्यायाचे होईल.

खरेदी हा शैक्षणिक कार्यक्रम नव्हे. किती पडदे बसविले याची मोजदाद ठेवणाऱ्या कार्यालयांनी वर्षअखेरीस आणखी एक रकाना भरावा: ते पडदे किती शिक्षकांनी, कोणत्या धड्यासाठी वापरले आणि त्यानंतर किती मुलांना जे येत नव्हते ते येऊ लागले? त्या रकान्याचे उत्तर शिक्षकाखेरीज कोणी देऊ शकणार नाही. म्हणूनच यंत्र निवडतानाही त्याचे मत आधी घेतले पाहिजे.