सत्तर सेकंदांची रेस, आठ हजारांचं ओझं

नागपूरचं ऊन झेलणाऱ्याला मुंबईचं काय, अशा तोऱ्यात मी एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी महालक्ष्मी स्टेशनला उतरलो. पंधरा मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. आपल्याकडचं ऊन भाजतं, इथलं उकडून काढतं, एवढाच फरक.

सोबत मामाजी, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे महालचे, पण रेल्वेच्या नोकरीत मुंबईत पस्तीस वर्षं काढलेली. डोक्यावर टोपी, खिशात बॉलपेन आणि शंभराच्या पाच नोटा. "हे सरले का घरी," त्यांनी गेटवरच सांगून टाकलं.

आपल्यापैकी बहुतेकांनी रेसकोर्स फक्त सिनेमात पाहिलाय. महालक्ष्मीचा हा रेसकोर्स १८८३चा, मेलबर्नच्या कॉलफिल्ड रेसकोर्सच्या धर्तीवर बांधलेला. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पावसाळा आला की शर्यती पुण्याला जातात. फेब्रुवारीत इंडियन डर्बी असते, तेव्हा पेपरात मोठ्या हॅटवाल्या बायकांचे फोटो येतात. एप्रिलच्या उन्हात मात्र हॅट गायब. स्टँडच्या सावलीत दिसतात घामेजलेले काका-आजोबा, हातात रेसचं पुस्तक, कानावर पेन. बुकींच्या बोर्डांवर भाव बदलतायत, खाली रेटारेटी चाललीये. मला तर लग्नसराईतलं गांधीबागचं कापड मार्केट आठवलं. फक्त इथं थानांऐवजी घोडे!

मामाजी आधी मला पॅडॉककडे घेऊन गेले. शर्यतीआधी सईस इथं घोड्यांना गोल फिरवतात. मी बघितलं कोण दिसायला भारी आहे. मामाजींनी बघितलं कोणाला जास्त घाम फुटलाय, कोण बिथरलंय. मग पुस्तकातलं वजन दाखवलं. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात. जॉकीचं वजन कमी पडलं तर खोगिराखाली शिसं घालतात, म्हणजे सगळ्यांना जिंकायची संधी सारखी. टॉपरच्या बॅगेत विटा भरून त्याला परीक्षेला बसवण्यासारखं आहे हे.

पैसे लावायचे दोन मार्ग: बुकी किंवा टोट. बुकी भाव ठरवून देतो. टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात. त्यातून आधी क्लबचा हिस्सा आणि कर कापला जातो, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे घोडा कुठलाही येवो, गल्ला चालवणाऱ्याचा वाटा आधीच बाजूला झालेला असतो.

शर्यत १२०० मीटरची. लांबवर गेट उघडलं आणि धुळीचा एक पट्टा सरकताना दिसला. वळणावर येईपर्यंत सगळे गप्प. मग अख्खं स्टँड उठलं. "पाच! पाच! पाच!" माझ्या शेजारचे आजोबा गुंडाळलेला पेपर मांडीवर चाबकासारखा मारत होते. टापांचा आवाज छातीत येतो, हे कुठल्याही रीलमध्ये कळत नाही. सत्तरेक सेकंदांत खेळ खल्लास. पाच नंबर चौथा आला. पायाखाली फाटलेल्या तिकिटांचा खच. पुढच्या रांगेतल्या एकानं पाकीट उघडलं, दोनदा मोजलं आणि शेजाऱ्याकडे उसने मागितले. शेजारी पुस्तकात तोंड घालून बसला.

"काऊन रे, एकही तिकीट नाही घेतलंस?" मामाजींनी विचारलं.

उन्हानं असेल की कशानं, मी सांगून टाकलं. गेल्या वर्षीच्या आयपीएलमध्ये एका फँटसी अ‍ॅपवर माझे आठ हजार गेले होते. बाबांनी लॅपटॉपच्या डाऊन पेमेंटसाठी दिलेले. घरी सांगितलं, बर्डीच्या गर्दीत पाकीट मारलं. बाबा कापडाच्या दुकानात सेल्समन आहेत. त्यांनी शेठकडून उचल घेऊन पुन्हा पैसे दिले, वरून 'पाकीट मागच्या खिशात नको ठेवत जाऊ' असंही समजावलं.

मामाजी थोडा वेळ ट्रॅककडे बघत राहिले. "मी तर अख्खा पगार घालवला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी."

"मग आत्याला सांगितलं?"

"नाही ना बाप्पा. तिला गादीखाली तिकिटं सापडली. सहा महिने बोलली नाही. घालवल्याचं नाही, लपवल्याचं." या पाच नोटा तेव्हापासूनच्या.

गंमत म्हणजे, १९९६मध्ये सुप्रीम कोर्टानं घोड्यांच्या शर्यतीला नशिबाचा नव्हे, तर कौशल्याचा खेळ ठरवलं. म्हणूनच त्या आजही कायदेशीर आहेत. फँटसी अ‍ॅपवालेही हाच 'कौशल्य' शब्द वापरायचे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि सप्टेंबरपासून रेसच्या बेटिंगवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. पण कौशल्य असलं तरी पैसे जातातच, हे मला कुठल्याही निकालाशिवाय माहीत आहे. मी प्रत्येक बॉलरचा इकॉनॉमी रेट पाठ केला होता, राव!

फरक एकच जाणवला. इथं नोट हातातून द्यावी लागते, रांगेत उभं राहावं लागतं, सहावी रेस संपली की घरी जावं लागतं. माझी रेस रात्री दोन वाजता, पांघरुणात, अंगठ्यानं चालायची. तिला संध्याकाळच नव्हती.

मामाजी त्या दिवशी चारशे हरले. उरलेल्या शंभरातून आम्ही उसाचा रस प्यायलो.

बाबा आमची ही पुरवणी रोज दुकान उघडायच्या आधी वाचतात. त्यामुळे हे छापून यायच्या आधी, काल रात्री जेवताना मीच सांगितलं. ते बराच वेळ ताटाकडे बघत बसले. मग म्हणाले, "अजून दोन हप्ते बाकी आहेत उचलीचे. ते तू भर."

इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधला पहिला हप्ता एक तारखेला जाणार आहे.