ठिकऱ्या उडतात, तरी वाहते!

खडीसाखरेचा एक खडा आणि चिक्कीचा एक तुकडा शेजारी शेजारी ठेवा. (शेंगदाणे खाऊन टाकलेत तरी हरकत नाही, आपल्याला हवा आहे तो त्यांना धरून ठेवणारा पाक.) दोन्ही कडक, दोन्ही गोड, दोन्ही दाताखाली कडकन फुटणारे. पुस्तकातील व्याख्या लावून पाहिली तर दोघांनाही स्वतःचा आकार आहे आणि स्वतःचे आकारमान आहे. म्हणजे दोघेही स्थायू. प्रश्न मिटला!

पण जरा बारकाईने पाहा. खडीसाखरेच्या खड्याला सपाट, चकचकीत पैलू असतात. पाकाचा तुकडा मात्र फुटक्या बाटलीच्या काचेसारखा फुटतो. त्याची कड वळणदार आणि गुळगुळीत असते, पैलू शोधूनही सापडत नाही. आता हे दोन्ही पावसाळ्यात चार दिवस उघड्यावर राहू द्या. चिक्की बोटांना चिकटू लागेल. खडीसाखर तितक्या लवकर चिकट होणार नाही.

असे का, हे समजण्यासाठी दोघांचे जन्म पाहायला हवेत. खडीसाखर बनते ती दाट पाकात दोरा सोडून, अगदी सावकाश. साखरेचा एकेक रेणू येतो आणि आधी बसलेल्या रेणूंच्या रांगेत आपली जागा घेतो. रांगेवर रांग, थरावर थर. अशा नियमित रचनेच्या पदार्थाला आपण स्फटिक म्हणतो. मीठ, तुरटी, बर्फ, तांबे, लोखंड ही सगळी याच जातीची मंडळी. (तांब्यालोखंडातले स्फटिक एकमेकांना चिकटून बसलेले आणि इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.)

चिक्कीचा पाक याच्या अगदी उलट. गूळ उकळून त्यातले बहुतेक पाणी घालवतात. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकला की कडक गोळी झाली पाहिजे. आई किंवा आजी ती गोळी ताटलीवर टाकून टण्ण आवाज येतो का पाहते ना, तो हा गोळीबंद पाक. मग तो ताटात ओतून झटपट थंड होऊ देतात. पाक इतका दाट झालेला असतो की रेणूंना हलायला फुरसतच मिळत नाही. शिवाय गुळात ऊस-साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या वेगळ्या घडणीच्या साखराही असतात, त्या रांगा लागू देत नाहीत. गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळतात तेही याचसाठी. आम्लामुळे थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि पाकाचे पुन्हा खडे बनत नाहीत.

‘स्टॅच्यू’चा खेळ तुम्ही खेळला असाल. भर बाजारात कुणी ‘स्टॅच्यू!’ म्हणून ओरडले आणि सगळी गर्दी जागच्या जागी थिजली, तर जे चित्र दिसेल तेच चिक्कीच्या पाकातील रेणूंचे. गर्दीतला गोंधळ तसाच, फक्त हालचाल थांबलेली. खडीसाखर म्हणजे मात्र मैदानावर कवायतीला उभी असलेली शाळा. गर्दी थिजवून बनलेल्या अशा पदार्थांना अस्फटिकी पदार्थ म्हणतात. त्यांतले जे द्रव थंड करून मिळतात, त्यांचे शास्त्रीय नाव आहे ‘काच’. होय, चिक्कीचा पाक ही साखरेची काच आहे! जत्रेतले म्हातारीचे केस हेही साखरेच्या काचेचे बारीक तंतूच. हवेतील ओलावा शोषून ते बघता बघता बसतात.

आता खरी अडचण येते. द्रवातही रेणूंना रांगा नसतात, गर्दीच असते. मग काच किंवा डांबर यांना स्थायू म्हणायचे, की फार फार दाट द्रव?

हा प्रश्न थेट डांबरालाच विचारावा, असे ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील क्वीन्सलंड विद्यापीठात टॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ साली ठरवले. त्यांनी घेतलेला पदार्थ म्हणजे डांबरापासून मिळणारे, नेहमीच्या तापमानाला कडक असणारे पिच. पूर्वी जहाजांच्या फटी बुजवायला ते वापरत. हातोडा मारला तर काचेसारख्या त्याच्या ठिकऱ्या उडतात. पार्नेल यांनी ते गरम करून एका काचेच्या नरसाळ्यात ओतले. नरसाळ्याचे तोंड बंद होते. पिच नीट बसावे म्हणून तब्बल तीन वर्षे थांबून १९३० साली त्यांनी ते तोंड कापले आणि खाली एक पात्र ठेवले.

पहिला थेंब पडला डिसेंबर १९३८ मध्ये. आठ वर्षांनी! दुसरा १९४७ मध्ये. पुढच्या वर्षी पार्नेल वारले, पण थेंब आपल्या गतीने येतच राहिले. १९५४, १९६२, १९७०, १९७९, १९८८ अशी त्यांची साले आहेत. म्हणजे ज्याच्या ठिकऱ्या उडतात तोच पदार्थ वाहतोही. हातोडा क्षणभरात काम करतो, तेवढ्या वेळात पिचच्या रेणूंना सरकायला सवड मिळत नाही, म्हणून ते फुटते. आठ-नऊ वर्षे दिली तर तेच रेणू एकमेकांवरून सरकतात. १९८४ साली या निरीक्षणांवरून गणित मांडले गेले तेव्हा पिच पाण्यापेक्षा सुमारे २३० अब्ज पट श्यान, म्हणजे वाहायला तितके नाखूश निघाले.

१९६१ पासून या प्रयोगाची देखरेख जॉन मेनस्टोन यांनी केली. १९८८ साली ब्रिस्बेनच्या जागतिक प्रदर्शनात हे नरसाळे मांडले होते. मेनस्टोन काही प्यायला म्हणून थोडा वेळ बाजूला गेले आणि नेमका तेवढ्यात सातवा थेंब पडला. २००० साली आठव्या थेंबावर कॅमेरा रोखला होता, तर ऐन वेळी यंत्रणाच बिघडली. ऑगस्ट २०१३ मध्ये मेनस्टोन वारले. बावन्न वर्षे राखण करूनही त्यांनी एकही थेंब पडताना पाहिला नाही. त्याच वर्षी ११ जुलैला आयर्लंडमधील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, १९४४ पासून चालू असलेल्या अशाच प्रयोगात, पडणारा थेंब पहिल्यांदा चित्रित झाला. ब्रिस्बेनचा नववा थेंब २०१४ च्या एप्रिलमध्ये सुटला.

वरची साले पुन्हा पाहा. सातव्या थेंबापर्यंत साधारण आठ-नऊ वर्षांचे अंतर आहे. नंतर एकदम बारा, मग तेरा. पिच म्हातारे झाले की काय? तसे नाही. सातव्या थेंबानंतर त्या इमारतीत वातानुकूलन आले, पिच आधीपेक्षा थंड राहू लागले आणि वाहणे मंदावले. श्यानता तापमानावर किती अवलंबून असते, ते असे आपोआपच दिसून आले.

मग खिडकीची काचही वाहत असेल का? ‘युरोपातील जुन्या चर्चच्या काचा खाली जाड झाल्या आहेत, म्हणजे त्या शतकानुशतके ओघळल्या’, असे तुम्ही ऐकले असेल. ते खरे नाही. जुन्या पद्धतीत वितळलेल्या काचेचा फुगा फुंकून तो गरगर फिरवत आणि त्याची तबकडी करत. ती मध्याकडे जाड आणि कडेला पातळ होई. बसवणारे कारागीर जाड बाजू बहुधा खाली ठेवत. काही ठिकाणी जाड बाजू वर किंवा कडेलाही सापडते, आणि काच काही वर ओघळत नाही! ब्राझीलचे शास्त्रज्ञ एडगर झनोट्टो यांनी १९९८ साली गणित करून दाखवले की, अशी ओघळ दिसायला विश्वाच्या वयापेक्षाही कितीतरी जास्त काळ लागेल. २०१७ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील मध्ययुगीन काचेच्या घडणीची काच मुद्दाम बनवून मोजमापे घेण्यात आली. उत्तर आले, अब्ज वर्षांत जेमतेम १ नॅनोमीटर. आपले नखसुद्धा एका सेकंदात साधारण तेवढे वाढते.

तर मग ‘वाहतो तो द्रव आणि वाहत नाही तो स्थायू’ असे म्हणून मोकळे व्हावे? थांबा, हिमालयात डोकावू या. गंगोत्रीची हिमनदी बर्फाची आहे, आणि बर्फ तर अस्सल स्फटिक. तरीही वरच्या थरांच्या प्रचंड भाराखाली त्याचे स्फटिक हळूहळू रूप बदलतात आणि हिमनदी उताराने सरकत राहते. म्हणजे पिचला रांगा नाहीत आणि ते वाहते, काचेला रांगा नाहीत पण ती वाहत नाही, आणि बर्फाला रांगा असूनही तो सरकतो. वाहण्याची कसोटी आणि रचनेची कसोटी प्रत्येक वेळी एकच निकाल देत नाहीत. माझ्या मते रचनेची कसोटी अधिक भरवशाची, कारण ती बघणाऱ्याच्या सवडीवर अवलंबून नाही. पण काचेवर काम करणाऱ्यांना व्यवहारासाठी एक आकडा लागतो. द्रव थंड होताना त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे १,००,००,००,००,००,००,००० पट (एकावर पंधरा शून्ये) झाली की त्याला काच म्हणायचे, असा संकेत आहे. पिच या रेषेच्या बरेच अलीकडे राहते, म्हणून ते द्रव. चिक्की आणि खिडकी रेषेपलीकडे.

आठ वर्षे थांबायची तयारी नसेल तर हे करा. मे महिन्यात एक लांब, बारीक मेणबत्ती दोन विटांवर दोन टोके टेकवून आडवी ठेवा आणि मधोमध दोऱ्याने एक छोटा दगड टांगा. जागा उबदार हवी, पण उन्हाची नको, नाहीतर मेण सरळ वितळेल. रोज सकाळी पट्टीने झोक मोजून तारखेसह वहीत लिहा. तशीच दुसरी मेणबत्ती हातात घेऊन झटकन वाकवा, काय होते ते पाहा. मेण बहुतांशी बारीक स्फटिकांचे बनलेले असते. तेव्हा त्याला पिचशेजारी बसवायचे की हिमनदीशेजारी, ते तुमच्या वहीतले आकडे पाहून ठरवा.