‘रॉजर’ कोण होता?
सैनिकी बोलीमागचे विज्ञान

युद्धपटातला वैमानिक बिनतारी यंत्रावर आदेश ऐकतो आणि म्हणतो, ‘रॉजर’. हा रॉजर कोण, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर काय उत्तर द्याल? रॉजर हे कोणा सेनानीचे नाव नाही. ते आहे इंग्रजी ‘आर’ या अक्षराचे नाव. तारयंत्राच्या काळात संदेश मिळाल्याची पोच ‘आर’ या एकाच अक्षराने देत. ‘रिसीव्हड’, म्हणजे ‘मिळाला’, या शब्दाचे ते आद्याक्षर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यांच्या अक्षरयादीत ‘आर’साठी ‘रॉजर’ हा शब्द होता. १९५६ साली त्याच्या जागी ‘रोमिओ’ आला. पोच देण्याचे काम मात्र रॉजरकडेच राहिले.

सैनिकी जीवनात असे शब्द आणि संक्षेप शेकड्यांनी सापडतात. त्यांचे ढोबळमानाने दोन गट पाडता येतात. काही शब्द नियमाने ठरवलेले, तर काही बराकीत आपोआप जन्मलेले असतात. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखेच अगम्य वाटतात, पण त्यांची कामे अगदी वेगळी आहेत. पहिल्या गटाचे काम अर्थ एकच ठेवण्याचे, तर दुसऱ्याचे माणसांना एकत्र बांधण्याचे. एकाच्या जागी दुसरा आला, तर काय होऊ शकते तेही आपण पाहणार आहोत.

गोंगाटातले अक्षर

आधी पहिला गट घेऊ. इंग्रजीतली बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही ही आठही अक्षरे ‘ई’ या स्वराने संपतात. त्यांच्यातला फरक सुरुवातीच्या क्षणभराच्या ध्वनीत असतो आणि खरखरीत नेमका तोच हरवतो. दूरध्वनीची अडचण आणखी वेगळी. पारंपरिक दूरध्वनीतून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच वारंवारतेचे ध्वनी जातात. ‘एस’ आणि ‘एफ’ यांना वेगळे करणाऱ्या घर्षणध्वनीचा मोठा भाग याच्या वर असतो. त्यामुळे दूरध्वनीवर ही दोन अक्षरे जवळजवळ जुळी भावंडे होतात. नकाशावरच्या चौकोनाचे अक्षर सांगताना अशी गल्लत झाली, तर तोफगोळा आपल्याच तुकडीवर पडू शकतो.

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश संदेशवाहकांनी यावर साधा तोडगा काढला होता. घोटाळा होणाऱ्या अक्षरांना त्यांनी नावे दिली. ‘ए’ झाला ‘ॲक’, ‘एम’ झाला ‘एमा’, ‘पी’ झाला ‘पिप’. मग दुपारनंतरची वेळ ‘पिप एमा’ झाली, आणि विमानविरोधी तोफांच्या ‘ए ए’ या संक्षेपाचे ‘ॲक-ॲक’ झाले. अक्षर वाचवण्यासाठी संक्षेप केला आणि ऐकू यावा म्हणून तो पुन्हा लांबवला, अशी ही गंमत आहे.

या लांबवण्यातच मोठे तत्त्व दडले आहे. अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला. गोंगाटातून संदेश सुखरूप न्यायचा, तर त्यात थोडी जादा माहिती घालावी लागते, हे त्यांनी दाखवून दिले. ‘बी’च्या जागी ‘ब्राव्हो’ म्हटले, की शब्दाचा एखादा तुकडा हरवला तरी उरलेल्यावरून ऐकणारा तो ओळखतो.

कोणते शब्द निवडावेत?

मात्र कोणताही शब्द चालत नाही. महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नव्या यादीचे काम हाती घेतले. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाचे भाषाशास्त्रज्ञ झाँ-पॉल विने यांचा त्यात मोठा वाटा होता. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्या सर्वांच्या तोंडी बसतील असे शब्द हवे होते. १९५१ साली यादी आली आणि वापरात तिच्या उणिवा उघड झाल्या. ‘एन’साठीचा ‘नेक्टर’ हा शब्द ‘व्ही’च्या ‘व्हिक्टर’सारखा ऐकू येई, तर ‘एक्स’साठीचा ‘एक्स्ट्रा’ हा ‘डेल्टा’शी घोटाळा करी. वेगवेगळ्या देशांतील माणसांच्या कानांवर चाचण्या झाल्या आणि पाच अक्षरांचे शब्द बदलले गेले. १ मार्च १९५६ पासून अंमलात आलेली यादी नाटोच्या सैन्यांनीही स्वीकारली आणि आज ती जगभर चालते. ‘अल्फा’चे स्पेलिंग तिथे मुद्दाम ‘एफ’ने करतात, कारण ‘पी-एच’चा उच्चार ‘फ’ होतो हे सर्वच भाषिकांना ठाऊक नसते.

अक्षरांप्रमाणे शब्दांचेही अर्थ बांधून टाकलेले आहेत. ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलणे झाले, आता उत्तर द्या. ‘आउट’ म्हणजे संभाषण संपले, उत्तर नको. म्हणून चित्रपटातले ‘ओव्हर अँड आउट’ हे वाक्य स्वतःलाच खोडून काढते. ‘रॉजर’ म्हणजे केवळ ‘ऐकले’. ‘ऐकले आणि तसे करतो’ यासाठी ‘विल्को’ हा वेगळा शब्द आहे. नीट ऐकू आले नाही, तर सैनिक ‘से अगेन’ म्हणतो, ‘रिपीट’ म्हणत नाही. कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे ‘तोच मारा पुन्हा करा’.

संक्षेपाचा शब्द होतो

काही संक्षेप इतके रुळतात की त्यांचे मूळच विसरले जाते. ‘रेडिओ लहरींनी शोध आणि अंतरमापन’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून १९४० साली अमेरिकन नौदलाने ‘रडार’ हा शब्द घडवला. आवाजाच्या लहरींवर चालणारा ‘सोनार’ त्याचाच भाऊ. आज आपण दोन्ही शब्द मराठीत विभक्तिप्रत्यय लावून बिनदिक्कत वापरतो.

हेच तंत्र सैनिकांनी थट्टेसाठीही वापरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी अधिकृत संक्षेपांची नक्कल करत ‘स्नॅफू’ हा शब्द काढला. त्याचा सभ्य अर्थ असा : परिस्थिती नेहमीसारखीच, म्हणजे सगळा गोंधळ! वरिष्ठांना उघड बोलता येत नाही, तेव्हा संक्षेप कामी येतो.

देवळालीचा ताप

इथून दुसरा गट सुरू होतो. भारतात राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांनी आपल्याकडचे कितीतरी शब्द उचलले. ‘विलायती’चे ‘ब्लायटी’ झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत त्याचा अर्थ ‘मायदेश’ असा होता. आरामाच्या कामाला ते ‘कुशी’ म्हणत. त्याचे मूळ ‘खुशी’ या शब्दात सांगितले जाते.

यातला एक शब्द तर नाशिकजवळचा आहे. देवळालीच्या छावणीत नोकरीची मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत थांबत. जहाजे ठराविक हंगामातच सुटत. हंगाम हुकला, की उन्हाळा-पावसाळा तिथेच काढायचा. काम नाही, उकाडा, हिवताप आणि दारू यांनी काहींचे मन ढळे. अशा माणसाला ‘डूलाली टॅप’ झाला, असे त्याचे सोबती म्हणत. ‘डूलाली’ म्हणजे देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. इंग्रजीत ‘डूलाली’ हा शब्द वेडसर या अर्थाने आजही जिवंत आहे. मानसिक आजाराविषयी मोकळेपणाने बोलणे सैनिकाला अवघड होते. थट्टेच्या शब्दाआडून ते सांगता येई, आणि ऐकणाऱ्याला जास्त स्पष्टीकरण लागत नसे.

अशी बोली आपल्या माणसांत उत्तम चालते. बाहेर मात्र ती दगा देऊ शकते. एप्रिल १९५१ मध्ये कोरियातील इमजिन नदीकाठी ब्रिटिशांची ग्लॉस्टर पलटण चिनी सैन्याच्या वेढ्यात सापडली होती. ब्रिटिश ब्रिगेडियरने अमेरिकन वरिष्ठाला परिस्थिती ‘जरा चिकट’ आहे, असे कळवल्याचे सांगितले जाते. ब्रिटिश सैनिकी बोलीत याचा अर्थ ‘प्राणांवर बेतले आहे’. अमेरिकन कानांना ती किरकोळ अडचण वाटली. पलटणीचे पाचशेहून अधिक सैनिक कैद झाले. पराभवाचे खापर एका वाक्यावर फोडता येणार नाही. परंतु मदत मागण्याच्या क्षणी बराकीतला शब्द वापरणे किती महाग पडू शकते, हे यातून दिसते.

वर्गात करून पाहा

हे सारे वर्गात तपासता येते. एका विद्यार्थ्याला पाठमोरा उभा करून ब, भ, प, फ, त, द, ट, ड ही अक्षरे क्रम बदलत एकेकदा वाचायला सांगा. निम्म्या वर्गाने बाके वाजवावीत, उरलेल्यांनी ऐकलेले अक्षर लिहावे. मग हाच प्रयोग ‘बदक’, ‘भटजी’, ‘पतंग’ असे अंकलिपीतले शब्द घेऊन करा. प्रत्येक वेळी किती चुका झाल्या आणि कोणत्या अक्षराच्या जागी कोणते ऐकू आले, याचा तक्ता फळ्यावर मांडा. तक्त्यात वारंवार चुकणारी जोडी सापडली, की तिच्यातला एक शब्द बदलून पुन्हा मोजा. ‘नेक्टर’ गेला तो अशाच मोजणीने.